आधी बोलल्या, मग गप्प बसल्या : अलेक्झांड्रा कोलोन्ताय समजून घेताना

१९१७ सालचं पेट्रोग्राड, म्हणजे सेंट पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव. क्रांती होऊन जेमतेम काही दिवस झालेत. कझान्स्काया रस्त्यावरच्या एका मंत्रालयाच्या दारात पंचेचाळीस वर्षांची एक बाई उभी आहे आणि कलाबतू लावलेला गणवेश घातलेला म्हातारा दरवान तिला आत सोडत नाहीये. त्याच्या हिशेबाने ही मदतीचा अर्ज घेऊन आलेली कुणी गरजू बाई. अर्जदारांची वेळ संपली, उद्या या. बाई सांगतात, अहो, मीच या खात्याची नवी मंत्री आहे. दरवान ढिम्म. मंत्रीणबाई आल्या पावली परत.

त्याच दिवसांत एका सकाळी त्यांच्या घराची घंटा वाजली. दारात एक ठेंगणा, दाढीवाला शेतकरी. पायात झाडाच्या सालीच्या वहाणा, हातात चिठ्ठी. झारच्या सरकारने लढाईसाठी त्याचा घोडा नेला होता आणि भरपाई काही दिली नव्हती. पैशांसाठी खेटे घालून घालून तो थेट लेनिनपर्यंत पोचला, आणि लेनिनने चिठ्ठी लिहून त्याला इकडे पाठवला: याच्या घोड्याचं काय ते देऊन टाका. कुठून द्यायचं? तिजोरीची किल्ली सोडा, बाईंना अजून इमारतीच्या आत पाऊल टाकता आलं नव्हतं. जुने अधिकारी संपावर होते आणि किल्ल्या त्यांच्याकडे. शेवटी काही जणांना अटक झाली तेव्हा कुठे किल्ल्या हाती आल्या, आणि नव्या खात्याने दिलेले पहिले पैसे त्या घोडेवाल्याला मिळाले.

या बाई म्हणजे अलेक्झांड्रा कोलोन्ताय. लेनिनच्या पहिल्या मंत्रिमंडळातल्या एकमेव स्त्री. मंत्री हा शब्द लेनिनच्या बोल्शेविक पक्षाला झारशाहीचा वास येणारा वाटायचा, म्हणून ते ‘लोककमिसार’ म्हणत. आपण मंत्रीच म्हणू.

त्यांच्याविषयी दोन गोष्टी सतत कानावर पडतात. एक, जगातली पहिली महिला मंत्री आणि पहिली महिला राजदूत. दोन, ‘मुक्त प्रेमा’चा पुरस्कार करणारी बाई. पहिलीला काही तळटिपा लागतात आणि दुसरी बरीचशी दुसऱ्यांनी चिकटवलेली आहे. मला मात्र तिसराच प्रश्न जास्त छळतो. पक्षाच्या भांडणांत ही बाई वारंवार हरणाऱ्या बाजूला होती. तिच्याबरोबर उभे राहिलेले लोक स्टालिनच्या काळात गोळ्या घालून मारले गेले. ही मात्र ऐंशीच्या उंबरठ्यावर पोचून आपल्या अंथरुणात वारली. हे जमलं कसं?

थोडं मागून सुरू करू. जन्म ३१ मार्च १८७२, सेंट पीटर्सबर्ग. वडील मिखाईल दोमोन्तोविच झारच्या सैन्यात जनरल. आईचे वडील फिनलंडचे, शेतकऱ्याच्या घरातून येऊन लाकडाच्या व्यापारात पैसा केलेले. त्यांची करेलिया भागात मुओला इथं ‘कूसा’ नावाची वाडी होती. अलेक्झांड्राचे उन्हाळे तिथं गेले आणि फिनिश भाषा तिला गड्यामाणसांकडून, खेळता खेळता आली. ही वाडी लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

१८९३ मध्ये तिनं आईबापांच्या मनाविरुद्ध नात्यातल्याच एका इंजिनिअरशी, व्लादिमिर कोलोन्तायशी लग्न केलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, मिशा. नवरा चांगला होता, प्रेमळ होता. त्याच्यावर राग कधीच नव्हता असं त्या शेवटपर्यंत सांगत राहिल्या. बिनसलं ते १८९६ मध्ये, नार्वा इथल्या क्रेनहोम कापडगिरणीत. गिरणी अवाढव्य, बारा हजार कामगारांची. नवऱ्याचं तिथं हवा खेळती ठेवायच्या यंत्रणेचं काम निघालं होतं आणि बाई सहज बरोबर गेल्या. आत तंतूंनी भरलेली हवा, बाहेर कामगारांच्या कोंदट बराकी. त्या बराकीत लहान पोरं खेळत होती आणि त्यांच्यात एक मूल नुसतंच पडून होतं. मिशाच्याच वयाचं. ते मेलेलं होतं आणि कुणाचं लक्षच नव्हतं.

नवऱ्याचं म्हणणं, हवेची सोय सुधारली की बरंच सुधारेल. बायकोला ते पटेना. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, तिनं मुलाला आजीआजोबांकडं ठेवलं आणि अर्थशास्त्र शिकायला झ्युरिक गाठलं. संसार तिथंच संपला. मुलाला सोडून शिकायला जाणारी आई आजही आपल्याकडं सहज पचत नाही. तेव्हाच्या पीटर्सबर्गमध्येही पचली नाही.

पुढची वीस वर्षं भरभर सांगतो. १९०५ च्या जानेवारीत झारच्या हिवाळी महालाकडं निघालेल्या निःशस्त्र मोर्चावर गोळीबार झाला, त्या मोर्चात त्या होत्या. रशियाच्या समाजवादी पक्षात १९०३ मध्येच फूट पडली होती. लेनिनचे बोल्शेविक म्हणत, पक्ष लहान, शिस्तीचा, पूर्णवेळ क्रांतिकारकांचा हवा. मेन्शेविकांना तो जरा मोकळाढाकळा चालणार होता. कोलोन्ताय बरीच वर्षं मेन्शेविकांकडं होत्या. १९०८ च्या अखेरीस पोलीस मागे लागले म्हणून देश सोडला आणि सव्वाआठ वर्षं जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, अमेरिका असं फिरत राहिल्या. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा युरोपातले बहुतेक समाजवादी पक्ष आपापल्या सरकारच्या मागं उभे राहिले. युद्धाला सरळ विरोध करणारा लेनिन त्यांना जवळचा वाटला आणि १९१५ मध्ये त्या बोल्शेविक झाल्या. एप्रिल १९१७ मध्ये रशियात परतलेल्या लेनिनने ‘आता सत्ता सोव्हिएतांकडे’, म्हणजे कामगार-सैनिकांच्या निवडून आलेल्या परिषदांकडे, अशी मांडणी केली तेव्हा त्याचे स्वतःचे लोकही चक्रावले. त्या बैठकीत उठून त्याची बाजू घेणाऱ्या या एकट्या.

बायकांच्या प्रश्नावर त्यांची भूमिका दोन्हीकडून शिव्या खाणारी होती. तेव्हाच्या सुखवस्तू घरांतल्या स्त्रीवादी बायका म्हणत, आपण सगळ्या बहिणी, आधी मतदानाचा हक्क मिळवू. कोलोन्ताय म्हणत, मालकीणबाई आणि तिची मोलकरीण एका मोर्चात चालतील, पण घरी गेल्यावर भांडी कोण घासणार? आणि पक्षातले पुरुष म्हणत, समाजवाद आला की बायकांचं आपोआप सुटेल, वेगळी चूल कशाला. त्यांना बाईंचं उत्तर असे की आपोआप काही सुटत नसतं.

आता परत त्या मंत्रालयाकडं. खातं समाजकल्याणाचं, म्हणजे इतर कुठं न बसणारं सगळं. युद्धात हातपाय गमावलेले लाखो सैनिक, त्यांची पेन्शनं, कृत्रिम हातपाय बनवायचे कारखाने, अनाथालयं, वृद्धाश्रम, कुष्ठरोग्यांच्या वसाहती. आणि पत्त्यांचे कॅट छापायचा कारखाना! पत्त्यांचं उत्पादन ही रशियात सरकारी मक्तेदारी होती आणि तिचा पैसा धर्मादाय कामाला जाई. बाईंनी काय केलं, तर पत्त्यांची किंमत भरमसाट वाढवली. जुगाऱ्याच्या खिशातून अनाथांचं दूध. यात मला त्यांचा सगळा स्वभाव दिसतो.

‘पहिली महिला मंत्री’ला तळटीप लागते ती इथं. त्याच वर्षी, झार गेल्यावर आणि बोल्शेविक येण्याआधी असलेल्या हंगामी सरकारात, सोफिया पानिना नावाची सरदार घराण्यातली बाई याच खात्याची उपमंत्री होती. पूर्ण मंत्रिपद मात्र कोलोन्ताय यांचंच.

त्या मंत्री होत्या जेमतेम पाच महिने. त्यात आई आणि बाळासाठीच्या सरकारी आरोग्यसेवेचा पाया घातला गेला. बाळंतपणासाठी आधी आठ आणि नंतर आठ आठवडे पगारी रजा, हे नव्या राजवटीचं धोरण झालं. डिसेंबर १९१७ मध्ये लग्न चर्चच्या हातून काढून सरकारी नोंदणीकडं आलं आणि घटस्फोट सोपा झाला. १९१८ च्या कुटुंब कायद्यानं लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला इतर मुलांइतकेच हक्क दिले. कायद्याचा मसुदा गोइखबार्ग नावाच्या वकिलाचा, पण त्यामागच्या विचाराची जमीन बाईंनी आधी दहा वर्षं नांगरली होती.

चुकाही झाल्या. जखमी सैनिकांसाठी जागा हवी म्हणून जानेवारी १९१८ मध्ये त्यांनी अलेक्झांडर नेव्हस्की मठ ताब्यात घ्यायला माणसं पाठवली. भाविकांचा जमाव आडवा आला, गोळी चालली, एक धर्मगुरू मेला. वरिष्ठांना विचारलंही नव्हतं. लेनिन भडकला. त्याच सुमारास त्यांनी मोठ्या हौसेनं उभारलेला ‘मातृत्व महाल’, म्हणजे प्रसूतिगृह आणि बालसंगोपन केंद्र, उद्घाटनाच्या तोंडावर आगीत भस्मसात झाला. आणि मार्चमध्ये लेनिनने जर्मनीशी ब्रेस्त-लितोव्स्कचा तह केला, मोठा मुलूख देऊन. बाईंना ती शरणागती वाटली. त्यांनी राजीनामा दिला.

त्यानंतर ‘झेनोत्देल’. हा पक्षाचा महिला विभाग, १९१९ मध्ये निघाला. पहिल्या प्रमुख इनेसा आर्मांद १९२० मध्ये पटकीनं गेल्या, मग सूत्रं कोलोन्तायांकडं. गावोगावच्या कामगार आणि शेतकरी बायकांना आलटूनपालटून काही महिने सरकारी कार्यालयांत, पाळणाघरांत, दवाखान्यांत काम शिकायला बसवायचं, ही या विभागाची पद्धत. भाषणापेक्षा सवय लावणं. पुरुष कार्यकर्ते या विभागाला ‘त्सेंत्रोबाबा’ वगैरे म्हणून हिणवत. ‘बाबा’ म्हणजे रशियनमध्ये बाईला तुच्छतेनं म्हणायचा शब्द.

मग आलं १९२१. यादवी युद्ध संपत आलं होतं, शहरं उपाशी होती, आणि कारखान्यांत कामगारांच्या समित्यांऐवजी वरून नेमलेले साहेब बसले होते. धातुकामगारांचा पुढारी अलेक्झांडर श्ल्याप्निकोव आणि त्याच्या साथीदारांनी मागणी केली: उद्योग कामगार संघटनांच्या हाती द्या. हा गट ‘कामगार विरोधी पक्ष’ म्हणून ओळखला जाई. नाव फसवं आहे, ते कामगारांच्या विरोधात नव्हते, कामगारांचे म्हणून विरोधात होते. त्यांची पुस्तिका कोलोन्तायांनी लिहिली. तिचा सारांश साधा आहे. ज्याला क्रांती करायची तो कामगार आता फक्त हुकूम पाळतोय, ठरवतोय कुणी भलताच, आणि चूक दाखवायची सोय उरलेली नाही.

मार्च १९२१ च्या दहाव्या पक्ष अधिवेशनात लेनिन त्या पुस्तिकेवर तुटून पडला. पेट्रोग्राडजवळच्या क्रोनश्टाट नाविक तळावर नौसैनिकांचं बोल्शेविक सरकारविरुद्ध बंड त्याच दिवसांत चालू होतं, त्यामुळं वातावरण तापलेलं. पण त्याचं एक वाक्य आजही खटकतं. श्ल्याप्निकोव आणि कोलोन्ताय यांच्यात एकेकाळी प्रेमसंबंध होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लेनिनने व्यासपीठावरून या दोघांच्या ‘वर्गीय ऐक्या’वर टोमणा मारला आणि सभागृह हसलं. श्ल्याप्निकोवचं मत हे मत होतं, बाईंचं मात्र झेंगट. याच अधिवेशनात पक्षांतर्गत गटांवर बंदी आली. पुढं स्टालिनने विरोधकांविरुद्ध वापरलेलं हत्यार ते हेच.

१९२२ मध्ये पुन्हा एक प्रयत्न झाला, आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेकडं तक्रार करण्याचा. तोही फसला आणि पक्षातून काढायची वेळ आली. ते थोडक्यात टळलं. घरचंही बिनसलं होतं. दुसरा नवरा पाव्हेल दिबेंको, बाल्टिक आरमारातला खलाशी, सतरा वर्षांनी लहान, दुसरीकडं गुंतला होता. बाईंनी पक्षाच्या सरचिटणिसाला पत्र लिहिलं: मला परदेशात काहीतरी काम द्या. सरचिटणीस नुकताच नेमला गेला होता. त्याचं नाव स्टालिन. त्यानं लगेच पाठवलं. दोघांचंही काम झालं. ऑक्टोबर १९२२ मध्ये बाई नॉर्वेला निघाल्या.

माझ्या मते सगळं उत्तर या पत्रात आहे. त्या मॉस्कोबाहेर पडल्या, आणि पुन्हा कुठल्या गटात शिरल्या नाहीत.

ओस्लोत (तेव्हा त्याचं नाव क्रिस्तियानिया) त्यांनी राजकारण सुरू केलं ते मासळीपासून. नॉर्वेच्या कोळ्यांकडं खारवलेली हेरिंग भरपूर होती आणि गिऱ्हाईक नव्हतं. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातली. रशिया भुकेला होता. बाईंनी मोठे सौदे केले. भावाच्या घासाघिशीत एकदा त्या म्हणाल्या, ‘वरचा फरक माझ्या पगारातून हप्त्यानं घ्या,’ आणि समोरचे व्यापारी शरमून खाली उतरले, असा किस्सा सांगतात. माल घेणारा देश ओळखायचा नाही असं कसं चालेल, असा सूर मग नॉर्वेतच निघू लागला. १५ फेब्रुवारी १९२४ रोजी नॉर्वेनं सोव्हिएत सरकारला अधिकृत मान्यता दिली. ‘पहिली राजदूत’ची तळटीप इथं: १९१८ मध्ये हंगेरीनं रोझिका श्विमर यांना स्वित्झर्लंडला पाठवलं होतं, पण ते फार टिकलं नाही. आणि कोलोन्तायांना नेमक्या ‘राजदूत’ या दर्जाचा किताब मिळाला तो १९४३ मध्ये. त्याआधीची वीस वर्षं काम तेच, पाटी वेगळी.

१९२६ च्या सुमारास त्या काही काळ मॉस्कोत होत्या आणि शेवटचं एकदा देशातल्या वादात पडल्या. नवा कुटुंब कायदा येत होता. नोंदणी न करता एकत्र राहणाऱ्या बाईलाही पोटगी मिळावी, अशी त्यात तरतूद होती. वाचायला छान. कोलोन्ताय म्हणाल्या, ज्या पुरुषाकडं स्वतःलाच पुरत नाही तो तीन पोरांची पोटगी कुठून देणार? कोर्टाचा कागद घेऊन बाई त्याच्या मागं फिरणार. त्यापेक्षा प्रत्येक प्रौढ माणसानं वर्षाला दोन रूबल भरावेत, त्या निधीतून एकट्या आया आणि मुलं सांभाळावीत. खेड्यातून ओरड झाली, कुणाच्या उद्योगाचे पैसे आम्ही का भरायचे? सूचना बारगळली. पुरुषाच्या ऐपतीवर मुलाचं पोट अवलंबून ठेवू नये, हा मुद्दा मला आजही कुठल्याही कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात उभा दिसतो.

आता ते ‘मुक्त प्रेम’. कामवासना भागवणं म्हणजे पेलाभर पाणी पिणं, असं कोलोन्ताय म्हणाल्या, असं आजही बेधडक लिहिलं जातं. त्या तसं म्हणाल्या नव्हत्या. लेनिनने या पेल्याच्या कल्पनेची खिल्ली उडवल्याची आठवण जर्मन कम्युनिस्ट पुढारी क्लारा झेटकिन यांनी लिहिली आहे, पण तिथं कोलोन्तायांचं नाव नाही. त्यांचा १९२३ चा गाजलेला लेख तर उलट सांगतो. तो म्हणतो, नुसती शरीराची ओढ म्हणजे पंख नसलेलं प्रेम. पंखवाल्या प्रेमात जबाबदारी येते, समोरच्याचं मन जपणं येतं, आणि मालकी येत नाही. तरी पेला बाईंच्याच नावावर राहिला.

१९२६ मध्येच जर्मनीत एका मालिकेसाठी त्यांनी छोटं आत्मचरित्र लिहिलं. छापायला जायच्या आधी खिळे जुळवलेल्या मुद्रितांवर त्यांनी स्वतःच काटछाट केली. जिथं पक्षाशी मतभेद दिसत होता, जिथं ‘हे मी केलं’ असा सूर जरा वर गेला होता, तिथं पेन फिरलं. ती मुद्रितं शिल्लक राहिली. १९७१ च्या इंग्रजी आवृत्तीत खोडलेला मजकूर तिरप्या टायपात परत घातला आहे. वाचताना डोळा सारखा तिरप्या ओळींकडं जातो. अजून अटकसत्रं सुरू नव्हती, तिला कुणी धमकावलं नव्हतं. तरी ती स्वतःच्या हातानं स्वतःला लहान करत होती.

१९२७ च्या ऑक्टोबरात पक्षाच्या ‘प्रावदा’ या वर्तमानपत्रात त्यांचा लेख आला. पक्षातल्या सामान्य माणसाला विरोधी गट आवडत नाही, त्याला शिस्त हवी आहे, असा. सहा वर्षांपूर्वीच्या पुस्तिकेच्या लेखिकेनं लिहिलेला. तोवर त्या मेक्सिकोत सहा-सात महिने काढून आल्या होत्या. तिथं जाताना अमेरिकेनं आपल्या भूमीवरून जाऊसुद्धा दिलं नव्हतं आणि मेक्सिको सिटीची विरळ हवा त्यांच्या हृदयाला सोसली नाही. मग पुन्हा नॉर्वे, आणि १९३० पासून पंधरा वर्षं स्वीडन.

मागं मॉस्कोत एकेक दिवा विझत गेला. झेनोत्देल १९३० मध्ये बंद झालं, म्हणे बायकांचा प्रश्न सुटला. १९३६ मध्ये गर्भपातावर बंदी आली, घटस्फोट महाग झाला. सप्टेंबर १९३७ मध्ये श्ल्याप्निकोवला गोळी घातली. जुलै १९३८ मध्ये दिबेंकोला. स्टॉकहोममधून राजदूतबाईंचा एक शब्द बाहेर आला नाही. काही सोव्हिएत मुत्सद्द्यांनी त्या वर्षांत परत जायचं नाकारलं आणि पश्चिमेत आसरा घेतला. यांनी तेही केलं नाही. मुलगा आणि नातू होते. भीती होती. आणि आयुष्यभराचं जे काही होतं ते खोटं म्हणायची तयारी नसावी. त्यांना भित्रं म्हणायला माझी जीभ वळत नाही, पण त्यांच्या चाहत्यांनी लिहिताना ही दोन वर्षं अलगद उडी मारून ओलांडावीत, हेही मला पटत नाही.

मुत्सद्दी म्हणून त्यांचं सगळ्यात मोठं काम याच्या पुढचं आहे. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या. बोलणी थांबली होती. तेव्हा फिनलंडच्या लेखिका हेला वुओलियोकी स्टॉकहोमला आल्या आणि कोलोन्तायांच्या ओळखीतून दोन्ही सरकारांमधला गुप्त धागा जुळला. १३ मार्च १९४० ला युद्ध थांबलं. तहात फिनलंडनं करेलियाचा मोठा पट्टा गमावला आणि तिथली लाखो फिनिश माणसं घरदार सोडून पश्चिमेकडं गेली. त्या पट्ट्यात मुओलाही होतं. म्हणजे कूसाची वाडी. जिथं बाई गड्यांच्या पोरांकडून फिनिश शिकल्या, ते गाव त्यांनी घडवून आणलेल्या तहानं फिनिश माणसांपासून रिकामं केलं.

१९४२ मध्ये पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. चाकाच्या खुर्चीतून त्यांनी पुन्हा १९४४ मध्ये फिनलंडला युद्धातून बाहेर काढणाऱ्या वाटाघाटींत हात घातला. १९४५ च्या मार्चमध्ये विमानानं मॉस्कोला आणलं गेलं. पुढच्या वर्षी फिनलंडच्या काही लोकप्रतिनिधींनी नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचं नाव सुचवलं, पण पुरस्कार मिळाला नाही.

शेवटची सात वर्षं मॉस्कोतल्या घरात, जुन्या डायऱ्या तपासण्यात गेली. परराष्ट्र खात्याच्या सल्लागार म्हणून नाव होतं. ९ मार्च १९५२ ला, महिला दिनाच्या दुसऱ्या दिवशी, त्या वारल्या. नोवोदेविची दफनभूमीत त्यांचं थडगं आहे. स्टालिन मेला तो त्यानंतर जवळजवळ एक वर्षानं. दिबेंको १९५६ मध्ये निर्दोष ठरले, श्ल्याप्निकोव १९६३ मध्ये.